दहा मिनिटांचा वास

कशेळ्याच्या नाक्यावर जिथे वाड्यांकडे जाणाऱ्या जीपगाड्या भरतात, तिथे एकाच पत्र्याखाली चिकनची दोन दुकानं आहेत. दोन्ही एकाच घरातली. डावीकडचं हाजराचं आणि उजवीकडचं तिच्या धाकट्या जावेचं, नाजनीनचं. मधे विटांची एक भिंत आहे. ती भिंत उभी राहिली त्या दिवशी हाजराच्या पोटात जे दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही.

तसं तिने कुणापाशी कबूल केलं नसतं. जावेचं बरं चाललंय, अल्लाची मेहेरबानी, असंच ती तोंडाने म्हणायची. पण म्हणताना हातातला सुरा ठोकळ्यावर जरा जास्त जोरात पडायचा.

हाजराचं दुकान एकोणीस वर्षांचं. नवरा अली कोंबडी कापायचा, ही तुकडे करून तोलून द्यायची. गिऱ्हाइकाने जाळीतली कोंबडी बोटाने दाखवायची, डोळ्यांसमोर कापून घ्यायची आणि पिशवी हातात आली की तळहाताला ऊब लागली पाहिजे. ती ऊब म्हणजे ताजेपणा. कशेळ्यात 'ताजं' या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. 'ताजं हाय का?' असं कुणी विचारतच नसे, 'गरम हाय ना?' एवढंच विचारत.

आणि ही नाजनीन! चार वर्षांपूर्वी खोपोलीहून लग्न होऊन आली. त्याआधी तिकडे कुठल्याशा चिकनच्या कारखान्यात पॅकिंगला होती. आली ती थंडीचंच वेड घेऊन. नवऱ्याच्या, सुफियानच्या, मागे लागून तिने काचेच्या दाराचा मोठा फ्रीज आणला, पिशवीतली हवा ओढून घेणारं मशीन आणलं आणि शेजारी दुकान थाटलं. फ्रीजमध्ये दिवा, दिव्याखाली ओळीने मांडलेली चपटी पाकिटं, पाकिटांवर तारखेची चिठ्ठी. आत थर्मामीटर टांगलेलं. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तशी ती दर तासाला ते बघायची. चार अंशांच्या वर काटा गेला की हिचा जीव खालीवर.

हाजराला यातलं काय खुपत नव्हतं ते विचारा. दिवा खुपायचा. पांढरे हातमोजे खुपायचे. सर्वांत जास्त खुपायची ती तारखेची चिठ्ठी. आज पॅक केलेलं थंडीत सहा दिवस चांगलं राहतं, असं नाजनीन गिऱ्हाइकाला सांगायची आणि गिऱ्हाईक, ज्याला हाजराने एकोणीस वर्षं गरम पिशवी दिली, ते मान डोलवायचं. सहा दिवसांचं शिळं चिकन, तेही ताज्याच्या भावाने! फार्महाऊसवाले घ्यायचे ते ठीक, शहरातल्या लोकांना कशाची चव असते. पण हळूहळू मास्तर, कंडक्टर, दवाखान्यातली सिस्टर अशी हाजराची माणसं उजवीकडे वळू लागली. वळताना ओशाळं हसायची. ते हसू तर तिला फारच लागायचं.

नाजनीन भांडखोर असती तर बरं झालं असतं. ती भांडायचीच नाही. एकदा तिने हाजराला स्वयंपाकघरात बोलावून स्वतःचं पाकीट कापून दाखवलं होतं. कापताक्षणी असा आंबूस वास आला की हाजराने पदर नाकाला लावला. मांसही काळपट दिसत होतं. हाजराला आतून उकळ्या फुटल्या. पण नाजनीन शांतपणे म्हणाली, "भाबी, बंद खोली उघडल्यावर येतो ना, तसा हाय हा वास. हवा नव्हती त्याला. दहा मिनिटं ताटात ठेवा." दहा मिनिटांनी हाजराने पुन्हा हुंगलं. वास गेला होता, रंगही गुलाबी झाला होता. मला सर्दी झालीय, नाकाचं काही खरं नाही, असं सांगून हाजरा बाहेर पडली. सर्दी तिला पावसाळ्याशिवाय कधी होत नाही.

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. पण वैशाखात जना आली.

जना ही वरच्या वाडीतली ठाकरीण. एकोणीस वर्षांपूर्वी हाजराच्या दुकानातलं पहिलं गिऱ्हाईक ती. तेव्हापासून दर बाजाराला ती करवंदं, जांभळं, रानभाजी विकायला खाली यायची, टोपली रिकामी झाली की हाजराच्या पायरीवर बसून चहा प्यायची आणि मग कोंबडी घेऊन वर जायची. दोघींनी त्या पायरीवर किती सुखदुःखं बोलून टाकली असतील त्याला माप नाही. हाजराचं पहिलं मूल गेलं तेव्हा जना तीन दिवस खाली राहिली होती. बाकीची गिऱ्हाइकं गेली तरी हाजरा म्हणायची, जना आहे ना.

त्या दिवशी जना आली ती पायरीवर न बसता सरळ उजवीकडे गेली.

हाजराच्या हातातला तुकडा हातात राहिला. भिंतीपलीकडचं बोलणं तिला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. जनाच्या मुलाचं, नवशाचं लग्न ठरलं होतं. हळदीच्या जेवणाला चाळीस किलो चिकन लागणार होतं. दरवेळी वाडीतल्या लग्नाला अली जिवंत कोंबड्या घेऊन वर जायचा आणि तिथेच कापायचा. पण अलीचा गुडघा आता चढ चढण्यासारखा राहिला नव्हता, आणि वाडीतली विहीर यंदा चैत्रातच आटली होती. टँकरचं पाणी माणसांनी प्यावं की त्यात पिसं धुवावीत? म्हणून जनाला साफ करून, कापून, पॅक केलेलं चिकन हवं होतं.

मग जना डावीकडे आली, पायरीवर बसली आणि चहा मागितला, जसं काही झालंच नाही. हाजराने चहा दिला. साखर घालायची विसरली, की मुद्दाम घातली नाही, हे तिचं तिलाच ठाऊक.

"मला इचारलं नाय तू," हाजरा म्हणाली.

जनाने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "इचारायचं काय गं? एकाच घरातलं ना."

हे ऐकून हाजराच्या अंगाचा तिळपापड झाला. एकाच घरातलं म्हणे. ती इतकं बोलली, इतकं बोलली की शेवटी जनाने दोन्ही हात जोडले. वीस किलो नाजनीनचं आणि वीस किलो तुझं, असं करून तिने तो विषय मिटवला. आपल्या मैत्रिणीपायी आपण आपलीच हळद अर्धी वाटून घेतली, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हाजराने ते पाहिलं नाही. तिने फक्त 'वीस' ऐकलं. त्यातले वीस तिला मिळाल्याचा आनंद कमी, नाजनीनला गेल्याचा जाळ जास्त.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी नाजनीन भिंतीला वळसा घालून आली. तिने आपल्या फ्रीजचे दोन कप्पे रिकामे केले होते. भाबी, तुमच्या कोंबड्या आत्ताच कापून घेऊ या, रात्रभर आत थंड होऊ देत, सकाळी बर्फात घालून दोघींचं एकत्रच वर पाठवू, असं ती म्हणत होती. गरम गरम बांधून नेऊ नका, एवढं तिने दोनदा सांगितलं. शिवाय तुम्ही हळदीला जा, तुमचं दुकान दिवसभर मी सांभाळते, असंही म्हणाली.

दुकान सांभाळायला हाजराने होकार दिला. फ्रीजला नाही. "माझ्या हातचं गरमच जाईल," ती म्हणाली. नाजनीन भिंतीला वळसा घालून परत गेली.

हाजराच्या डोक्यात बेत शिजला होता. तिच्या मालाची ओळख ऊब. नाक्यावरून वाडीच्या पायथ्याशी जीपने पाऊण तास, तिथून पायी चढ तासाभराचा. तेवढ्यात ऊब गेली तर तिच्यात आणि नाजनीनमध्ये फरक काय राहिला? म्हणून तिने सकाळी सहाला अलीकडून कोंबड्या कापून घेतल्या, तुकडे केले, खळखळून धुतले, आणि निथळायलाही न देता ओलं, वाफाळतं चिकन प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये ठासून भरलं. प्रत्येक पिशवीला घट्ट गाठ मारली. आणि मग घरातली सर्वांत जाड गोधडी काढून तिच्यात ते सगळं गुंडाळलं. बाळंतिणीच्या पोराला गुंडाळावं तसं चहूबाजूंनी दाबून, फट राहणार नाही असं.

अलीने ते पाहिलं. गोधडी कशाला, एवढंच त्याने विचारलं. हाजराने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो गुडघा चोळत आत गेला.

वाडीतली पोरं न्यायला आली होती. नाजनीनचा बर्फाने भरलेला थर्माकोलचा खोका त्यांनी बांबूला अडकवला. गोधडीचं गाठोडं हाजराने कुणाला देऊ केलं नाही. पायथ्यापासून वरपर्यंत ते तिने स्वतःच्या डोक्यावरून नेलं. डोक्याला ऊब लागत होती आणि तिला बरं वाटत होतं.

साडेनऊला वाडीत पोचल्यावर पहिली गंमत नाजनीनच्या खोक्याची झाली. जनाची नणंद मैना, तिच्याकडे जेवणाची सगळी सूत्रं होती. तिला ही चपटी पाकिटं नवीन. हे आहे तरी काय म्हणून तिने एक पाकीट विळ्यावर कापलं. तोच आंबूस वास भस्सकन बाहेर आला. बायका मागे सरल्या, मैनाने पाकीट परातीत टाकलं. काळपट दिसतंय, सडलंय, असं जी ती म्हणू लागली.

जनाने हाजराकडे पाहिलं. "हाजरा बाय, तू सांग. तुझं नाक खरं."

हाजरा पुढे झाली, परातीवर वाकली आणि हुंगलं. तिला सगळं आठवलं. स्वयंपाकघर, ताट, बंद खोली, दहा मिनिटं. एवढे दोन शब्द बोलायचे होते. ते जिभेवर आलेही होते. पण आजूबाजूला वीसेक बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा नाजनीनचा फ्रीज, नाजनीनचा दिवा, नाजनीनचे हातमोजे फिके पडले होते. असा क्षण पुन्हा येणार होता का?

"मी तरी पोराच्या हळदीला घातलं नसतं," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त वाईट होतं.

जना काही क्षण तिच्याकडे बघत राहिली. मग तिने खोक्याला झाकण लावलं, तो उचलून घरामागच्या जांभळीच्या सावलीत ठेवला आणि परात बाजूला घेतली. हाजराने गोधडी सोडली. पिशव्यांना हात लावून बायका खूश झाल्या. अजून गरम हाय गं, आताच कापल्यासारखं, असं एकीने म्हटलं. हाजराने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण गोधडीच्या घड्या घालताना ती गुणगुणत होती.

स्वयंपाक अकराला सुरू व्हायचा होता. पण पाणीच नव्हतं. टँकर दहाला येणार होता, तो बाराला आला नाही, एकला आला नाही. ऊन असं की घराचे पत्रे तडतडत होते. बायका लसूण सोलत, मसाला वाटत, गाणी म्हणत बसल्या. चिकनच्या पिशव्या ओसरीत एकावर एक रचलेल्या, वरून झाकलेल्या. ऊब जाऊ नये म्हणून ती गोधडी हाजराने पुन्हा त्यांच्यावर घातली होती.

टँकर अडीचला आला. चुली पेटल्या. हाजरा पहिली पिशवी घेऊन धुवायला बसली आणि गाठ सोडली.

पिशवी किंचित फुगली होती. हात आत घातला तर तुकडे एकमेकांना चिकटलेले. बोटं बाहेर काढली तर त्यांच्यामागून तार आली. आणि वास. हा बंद खोलीचा वास नव्हता. हा वास तिने एकोणीस वर्षांत फक्त दुकानामागच्या कचऱ्याच्या डब्यात घेतला होता. ती थांबली. दहा मिनिटं थांबली, खरोखर थांबली, मनातल्या मनात मोजत. वास वाढला.

तिने दुसरी पिशवी सोडली. तिसरी. एकही धड नव्हती.

त्या वेळी तिच्या डोक्यात काय काय आलं ते सांगायला हवं. हळद-मीठ जास्त चोळावं. व्हिनेगर नाही तर चिंच लावावी. मसाला तिखट करावा, वाडीतल्या जेवणात मसाला तिखटच असतो, कुणाला कळणार नाही. हे सगळं तिच्या डोक्यात आलं, आणि तेवढ्यात ओसरीतून दोन लहान पोरी अंगाला हळद माखून पळत गेल्या. त्यांतल्या एकीने वळून विचारलं की कोंबडी कवा शिजणार.

हाजरा उठली आणि जनाला हात धरून घरामागे घेऊन गेली.

"माझं खराब झालंय," ती म्हणाली. "सगळं. आणि नाजनीनचं चांगलं होतं. तो वास दहा मिनिटांत जातो. मला ठाव होतं. मी सांगितलं नाय."

तिला वाटलं जना ओरडेल, शिव्या देईल, तेवढा तिचा हक्क होता. जना जांभळीकडे वळली. तिने जांभळीखालचा खोका उघडला. बर्फ अर्धा वितळला होता, पण पाकिटं गार होती. सर्वांत वर ते सकाळी कापलेलं पाकीट एका डब्यात झाकून ठेवलेलं होतं. जनाने डबा हाजराच्या नाकापुढे धरला. कसलाच वास नव्हता. रंग गुलाबी होता.

"परात बाजूला नेली तवाच वास गेलता," जना म्हणाली. "मी परत बर्फात ठेवलं."

"मग तू बोलली का नाय?"

"मी तुला इचारलं होतं," जना म्हणाली. "तुझ्या तोंडून याया पायजे होतं. मी वाट बघत होती."

हाजराला वाटलं, यापेक्षा चार थपडा बऱ्या होत्या.

हाजराचं वीस किलो चिकन वाडीच्या पलीकडे खड्डा खणून पुरलं. खड्डा नवशाच्या मित्रांनी खणला, पण माती हाजराने स्वतः ओढली. नाजनीनची पाकिटं कापून परातींमध्ये पसरली, बायकांना हाजराने आपल्या तोंडाने दहा मिनिटांची गोष्ट सांगितली. मैनाने तिच्याकडे तिरकं पाहिलं, पण दहा मिनिटांनी हुंगून बघितलं आणि मसाला लावायला घेतला. चाळीसच्या जागी वीस किलो. रस्सा वाढवला, बटाटे घातले.

दिवस कलताना पंगती बसल्या. हाजरा वाढायला उभी होती. पहिल्या पंगतीत वाडीतला सगळ्यांत म्हातारा कोंडाजी बसला होता. त्याने तुकडा तोंडात घातला, चघळला, हाड चोखलं आणि मोठ्याने म्हणाला, "हाजरा बायचं कोंबडं. चवच निराळी. म्या तर वीस वर्सं हेच खातो."

पंगतीने माना हलवल्या. कुणी हाजराकडे बघून हसलं. पंगतीतल्या पुरुषांना घरामागचं काहीच ठाऊक नव्हतं. खड्डा खणणारी पोरं लांब उभी होती. जना चुलीपाशी होती आणि हाजराकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, हे हाजराला कळलं. नुसतं गप्प राहायचं होतं. सकाळी राहिली होती तसंच.

आणि खरं सांगायचं तर गप्प राहावंसं तिला फार वाटलं. एकोणीस वर्षांची ती शाबासकी तिच्याच पानात पडली होती, ती उचलून दुसरीच्या पानात टाकायची म्हणजे काय सोपं असतं?

"माझं नाय ते, बाबा," ती म्हणाली. "नाजनीनचं हाय."

"कोन नाजनीन?"

"माझी धाकटी जाऊ."

"मग तुझंच ना," कोंडाजी म्हणाला. "एकाच घरातलं."

"नाय," हाजरा म्हणाली. "तिचं."

एवढं बोलून तिने रश्श्याची बादली उचलली आणि पुढच्या पानाकडे गेली. पोटातलं दुखणं गेलं असं म्हणता येणार नाही. होतं तिथेच होतं, फक्त आता तिला त्याचं नाव ठाऊक झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती खाली आली तेव्हा नाजनीन डावीकडच्या दुकानात, हाजराच्या ठोकळ्यामागे उभी होती. गिऱ्हाइकाला कोंबडी तोलून देत होती. हातात हातमोजे नव्हते. गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारलं की हळद कशी झाली. मग जरा चाचरत विचारलं, पाकिटं उघडली तेव्हा वास आला का, लोक काय म्हणाले.

हाजराने गोधडी खांद्यावरून काढली. रात्रभर वाऱ्यावर टांगली होती तरी तिला अजून वास येत होता.

"आला," ती म्हणाली. "दहा मिनिटं. मग गेला."

"आणि तुमचं, भाबी?"

"पुरलं."

नाजनीनने ठोकळ्यावरचा सुरा पुसून ठेवला. हाजराने गोधडी पायरीवर ठेवली. मग अलीने नुकत्याच कापलेल्या कोंबड्यांचं पातेलं तिने दोन्ही हातांनी उचललं, भिंतीला वळसा घातला आणि फ्रीजचे ते दोन कप्पे अजून रिकामेच आहेत का, ते बघायला गेली.